इफिसातली प्रार्थना

"इथं खाली कुजबुजलेलंही शेवटच्या पायरीवर ऐकू जातं," असं गाइड सांगत होता, तेव्हा आमच्या चर्चचे पाळकसाहेब बसमध्ये टोपी शोधत होते.

ते आले तोवर आमची नगरची अख्खी मंडळी तुर्कस्तानातल्या इफिसच्या त्या रोमन नाट्यगृहात पार वर जाऊन बसली होती. खाली रंगमंचावर पाळकसाहेब त्यांच्यासाठी थांबलेल्या चर्चच्या सेक्रेटरींच्या कानाला लागले.

"सुवार्ताबाईंना गायला सांगू नका हं. उरल्यासुरल्या भिंतीही जातील. बायबलात यरीहोची तटबंदी नुसत्या आवाजानंच पडली होती!"

शब्द न् शब्द वर पोचला. साडीखालचे बूट सांभाळत, गुडघे धरत सुवार्ताबाई खाली उतरल्या.

"या, या. बाई, आज प्रार्थना तुम्हीच करा," पाळकसाहेब गोड हसून म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. प्रार्थनेत कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तुझ्या या सेवकाला क्षमा कर. तो पाठीमागं माझ्या आवाजाला नावं ठेवतो. हॉटेलातली उकडलेली अंडी रोज खिशात भरून आणतो, तेही तू बघतोसच. त्याला सुबुद्धी दे."

वरून दणदणीत 'आमेन' आलं. पाळकसाहेबांनाही म्हणावंच लागलं.

मग बाईंनी खड्या आवाजात गीत धरलं, अगदी सगळी कडवी. भिंतीचा एक चिरा हलला नाही. पाळकसाहेब तेवढे मटकन खाली बसले.