पुढच्या वर्षी बघू

"शनिवारी तीनला निघायचं," बुटांच्या नाड्या सोडता सोडता अण्णा म्हणाला. "मुहूर्त बघूनच ठरवलंय."

गौरीच्या मांडीवर राज्यशास्त्राचं पुस्तक उघडं होतं. "सोमवारी माझा शेवटचा पेपर आहे रे."

"पुढच्या वर्षी दे."

"तिकडून येईन की सकाळी."

"व्हाइटफील्डहून बनशंकरीला? जाऊन-येऊन चार तास. आणि सोमवारी तू तिकडे नसलीस तर चालणारच नाही. स्वल्प विचार कर."

"सरी," गौरी म्हणाली. या घरात सरी म्हणजे होकार नव्हता. विषय मिटवायचा, एवढंच.

अण्णाचं खरं नाव गुरुदत्त. पण धाकट्याने एकदा अण्णा म्हणून हाक मारली की असा मुलगा घरादाराचाच अण्णा होतो, मग गल्लीचाही. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली ही रीतच. घरातले कर्ते भीमसेनराव वारल्यापासून घरात त्याचाच शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नाकासमोर बघून नोकरी करायचा, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त दुसऱ्याचं भलं कशात आहे हे त्याला फार लवकर कळायचं.

मागच्या आठवड्यात त्याने गौरीला तिकडचं घर दाखवून आणलं होतं. चौदावा मजला. बाल्कनीला वरपासून खालपर्यंत नुकतीच बसवलेली जाळी. तिच्यासाठी खोली ठरली होती, कपाटही आलं होतं. कपाटाचा रंग तिला कुणी विचारला नव्हता.

"भाग्य काढलंस बाई," शेजारची महानंदा म्हणाली होती. "हल्ली कुणाच्या नशिबी असतं असं घर?"

गौरीला त्या जाळीकडे बघूनच गुदमरलं होतं. पण भाग्याला नाही म्हणायची सोय नसते.

तिची मोकळी जागा एकच, कॉलेज. तिथली पोरं तिला अक्का म्हणत. या शहरात भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळेच म्हणतात, म्हणून तिला त्याचं काही वाटत नसे. शिवकुमार सर अख्ख्या वर्गाला अरे-तुरे करत, तिला मात्र 'तुम्ही'. पहिल्या बाकाचा मान असावा.

फुटबॉलचं वेड तिला तिथेच लागलं. पहिल्या वर्षी प्रणीतने फर्मान काढलं की वर्गात प्रत्येकाने एक परदेशी संघ निवडायचा. पोरांनी लंडन, माद्रिद, म्युनिक वाटून घेतले. गौरीने विचारलं, "तळाला कोण आहे?"

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावाचा संघ तळाला होता. त्याचं नाव प्रणीतलाही नीट उच्चारता येईना.

"मग मी त्यांची," ती म्हणाली.

तीन वर्षं तो संघ हरत राहिला आणि ती जीव टाकत राहिली. ज्या गावात कधी पाऊल टाकणार नाही, तिथल्या गोलकीपरच्या दुखऱ्या गुडघ्याची तिला काळजी. हरले की पोरं कोरसात ओरडत, "अक्का, पुढच्या वर्षी बघू!" आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसायची. शेवटच्या सत्रात वर्गाने तिला त्यांची निळी-पिवळी पट्ट्यांची जर्सी भेट दिली. पाठीवर 'गौरी', खाली दहा.

अण्णाने ती दोरीवर वाळताना पाहिली. "या वयात हे घालून ओरडत बसणार? लोक मला काय म्हणतील?"

मोसमाचा शेवटचा सामना नेमका त्याच शनिवारी होता, आपल्याकडच्या पाचला. जिंकले तर वाचणार, हरले तर खालच्या गटात. पोरं कॅन्टीनमध्ये पडदा लावणार होती. सामना तिथे बघायचा, सोमवारी पेपर लिहायचा आणि पदवी हातात घ्यायची, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने पुन्हा तोंड उघडलं. "तेवढा सामना बघून, पेपर देऊन मंगळवारी येते. दोनच दिवस."

"साकु," अण्णा म्हणाला. पुरे. "तीन वर्षं तुझा हट्ट चालवला, मी काही बोललो? शेवटी घर बघायची वेळ येतेच."

बॅगेतली पुस्तकं त्याने काढून माळ्यावर ठेवली. तिकडे कशाला लागतायत? हॉल तिकीट तेवढं तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवलं. जर्सीवर स्वेटर चढवला. मे महिन्यातला स्वेटर बघूनही अण्णाने काही विचारलं नाही.

पावणेतीनला प्रणीत आणि वर्गातली पवित्रा तिला न्यायला फाटकाशी आले.

"अक्का, येताय ना?"

"ती येणार नाही," अण्णाने परस्पर सांगून टाकलं.

पवित्राने गौरीकडे पाहिलं. गौरीने स्वेटरची कॉलर जरा खाली ओढून आतला निळा पट्टा दाखवला. पवित्राचे डोळे भरून आले.

"जिंकले तर फोन करतो, अक्का," प्रणीत म्हणाला.

"हरले तरी कर." मग तिनेच हसायचा प्रयत्न केला. "पुढच्या वर्षी बघू."

या वेळी कुणी हसलं नाही.

ठरल्याप्रमाणे तीनला गाडी आली. अण्णाची बायको सुप्रीता सहा महिने हुबळीला माहेरी होती, ती तिकडून थेट याच गाडीने आली होती. अण्णाने डिकीत बॅग टाकली, घराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पोरं अजून फाटकाशीच उभी होती. त्यांच्याकडे न बघता गौरी मागच्या दाराने आत बसली.

सुप्रीताने मांडीवरचं दुपटं अलगद उचललं, त्यातलं टोपडं सरळ केलं आणि दोन्ही हातांनी ते गौरीपुढे धरलं. "धरा, आई," ती म्हणाली. "बघ रे सोन्या, सोमवारपासून मी ऑफिसला, आणि तुझी आजी दिवसभर तुझ्याकडेच!"