दोन बोटं नळी

धाकटी टांग टाकून सायकलवर बसली आणि तिचे पाय पेडलला पोचेनात.

"ताई, सायकल बांधलीयेस की शिडी?"

ताई स्टुलावर बसल्या बसल्या हसली. कमरेचा पट्टा टोचला तसं हसू अर्ध्यावरच थांबलं. सीट लावताना तिनं टेप हातात घेतलीच नव्हती. सायकलशेजारी उभं राहायचं, सीट कमरेच्या हाडाशी आली की आवळायची, ही तिची सवय. हाताला सवय होती, त्यानं आवळली. कंबर कुणाची, हे हातानं विचारलं नाही.

"चुकलंच," ती म्हणाली. "उतर."

सीट चार बोटं खाली आली. स्क्रू सैल केला की वर, सैल केला की खाली. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं.

सायकल कार्बनची होती, डोंगरातल्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतीची. फ्रेम ताईनं स्वतःसाठी मागवली होती. खोकं घरी आलं तेव्हा ती इस्पितळात आडवी होती. एका उतारावर पडून पाठीचा मणका मोडला होता. डॉक्टरांनी चालता येईल म्हणून सांगितलं. सायकलचं विचारल्यावर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. घरात मात्र ही गोष्ट कुणी पुरती बोलूच देत नसे. आई म्हणायची, "होईल सगळं नीट." धाकटी म्हणायची, "बघ तू, पुढच्या वर्षी." ताई दोघींना हो म्हणायची. असं ते घोंगडं भिजत पडलं होतं.

ग्रॅमच्या बाबतीत ताई महाचिकट. सकाळपासून स्वयंपाकघरातला वजनकाटा तिनं पळवला होता, आणि एकही स्क्रू त्या काट्यावर चढल्याशिवाय सायकलवर चढला नव्हता. "आता हसतेस," ती धाकटीला म्हणाली होती, "रविवारी शर्यतीत चढ लागला की हाच एकेक ग्रॅम मुंगीसारखा चावेल."

"माझा काटा द्या गं!" आतून आईचा आवाज आला. "पीठ काय डोळ्यांनी मोजू?"

"पाच मिनिटं, आई!"

"तुमची पाच मिनिटं सकाळपासून चाललीत."

आता राहिली होती पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी. ही नळी फ्रेममधून वर येते आणि तिच्यावर हँडल बसतं. ताईला हँडल उंच लागायचं, धाकटीला खाली हवं होतं. खाली बसवून पाहिलं तर नळी हँडलच्या वर दोन बोटं उरत होती. ताईनं तिथं खूण केली. मग धाकटीकडून फोर्क काढून घेतला, टेबलाला लावलेल्या वाइसच्या जबड्यात फडकं घालून अलगद धरला. कार्बनचे धागे सुटू नयेत म्हणून खुणेभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि हात पुढे केला.

"करवत."

धाकटीनं करवत पाठीमागे लपवली. "कापायची कशाला? हँडलच्या वर उरलेल्या नळीवर चकत्या घालू ना. सगळे घालतात."

"आणि पडलीस की नळी छातीत घुसेल."

"नाही पडणार."

"मी तरी कुठे पडणार होते?"

धाकटी जरा वेळ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "एकदा कापली की परत लांब व्हायची नाही ती."

"माहितेय मला."

"मग तू कशी चालवशील? सायकल तुझी आहे, ताई. मी आपली तोपर्यंत वापरतेय."

"तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत गं?"

धाकटीचे डोळे भरून आले, आणि भरून आले याचा तिला रागही आला. ताईलाही काही हे सोपं जात नव्हतं. पण घरातलं कुणी ना कुणी रोज तिच्या पुढ्यातल्या खड्ड्यावर सतरंजी अंथरायचं, आणि खाली काय आहे ते माहीत असून तिला त्या सतरंजीवरून हसत चालावं लागायचं. त्याचा आता कंटाळा आला होता.

"दे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

धाकटीनं करवत दिली. कार्बनची धूळ नाकात जाऊ नये म्हणून दोघींनी मास्क लावले, ताईनं पातं ओलं केलं. धाकटी दोन्ही हातांनी फोर्क धरून, मान वळवून उभी राहिली. नळीवरून काळं पाणी टेबलावर ओघळायला लागलं. ताईला घाई नव्हती. शेवटी शेवटी तर तिनं हात इतका हळू केला की धाकटीला वाटलं, थांबली.

तेवढ्यात तुकडा टेबलावर पडला.

दारात आई उभी होती. काटा न्यायला आली होती. करवत, तो तुकडा, तोंडं बांधलेल्या दोन मुली; सांगायची गरज उरली नाही. "होईल सगळं..." तिनं सुरुवात केली, आणि आज पहिल्यांदा ते वाक्य तिनंच अर्ध्यावर सोडलं.

ताईनं मास्क खाली ओढला. तुकडा उचलून पुसला आणि काट्यावर ठेवला. तिघी काट्याकडे बघत राहिल्या.

"किती भरलं?" आईनं विचारलं.

"वीस ग्रॅम," ताई म्हणाली. "मला वाटलं होतं, खूप भरेल."