गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ

“सर, ती डिश टाकून द्यायची आहे,” मी म्हणाले.

“कुलथेबाई, फोटोग्राफर खोळंबलाय,” म्हणत सरांनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवलीसुद्धा. निवृत्तीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी त्यांना प्रयोगशाळेत काम करताना दिसायचं होतं. ॲप्रन माझा घातला होता; त्यांचा कुठे असतो हे कुणालाच आठवत नव्हतं.

एकोणीस वर्षं मी कोंबडीच्या अंड्यांतून गर्भ काढले, त्यांच्या चेतापेशी वाढवल्या, त्या पेशींना फुटणाऱ्या कोवळ्या तंतूंचे फोटो काढले. प्रत्येक फोटोखाली नाव सरांचं. परदेशातली भाषणं, शाली, पुरस्कार, सगळं त्याच तंतूंवर. मला वाटायचं, हात कामाला लावत नसले तरी माणसाची नजर तरी पक्की असेल.

सरांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले. चेहऱ्यावर व्यासपीठावरचं हसू आलं.

“वा! मेंदू घडताना बघायचाय? हे तंतू बघा, कसे एकमेकांना शोधत निघालेत! बाई, याचा फोटो घ्या. मुखपृष्ठावर हाच जाईल.”

डिशमध्ये बुरशी होती. झाकण नीट बसलं नाही की ती धरतेच. आठवड्याभराचा विद्यार्थीसुद्धा ती ओळखतो आणि नाक मुरडून डिश फेकतो.

सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्याकडे न बघताच सर म्हणाले, “आणि खाली माझं नाव घालायला विसरू नका.”

मी फोटो काढला. फार सुरेख आला.

ग्रंथ छापून आला. मुखपृष्ठभर बुरशी ऐटीत फोफावली होती आणि खाली एकट्या सरांचं नाव होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच ते योग्य जागी होतं.