झाकण उघडून आशीर्वाद

फिन्या नाचत होती. डोक्यावर भाड्याचा सोनेरी मुकुट, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, पायांत रबरी चपला. थायलंडमधल्या त्या विद्यापीठात जीवशास्त्र विभागासमोरच्या खांबावरच्या देवघरापुढे नैवेद्याला लाल सोड्याच्या बाटल्या मांडल्या होत्या आणि बाकीचे संशोधक स्टीलचे ट्रे बडवून ताल धरत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण चांगलं फरशीचं, सपाट होतं. शाळेत तिला कायम मागच्या रांगेत का उभं करत, ते आज अख्ख्या विभागाला कळलं. तिला त्याचं काही नव्हतं. नाचेन असा नवस बोलला, देव पावला, आता फेडायला नको का?

सकाळी तिने इनक्युबेटर उघडला आणि प्लेटवर कडं दिसलं. कोळंबी मारणारा जंतू प्लेटभर सायीसारखा धरला होता, आणि त्यात एक गोल, स्वच्छ, मोकळी जागा. म्हणजे तिथलं काहीतरी त्या जंतूला मारत होतं. चांथाबुरीला तिच्या वडिलांच्या तळ्यांत दर हंगामात कोळंबी मरायची. त्यावर उतारा देणारा एखादा चांगला जंतू ती दोन वर्षं मासळीच्या आंबवणात शोधत होती. शिष्यवृत्ती महिनाअखेरीला संपणार होती. कडं नाही तर डॉक्टरेट नाही, आणि तळ्यांना उताराही नाही. त्यामुळे कडं दिसताच ती किंचाळली, आणि शेजारच्या टेबलावर यीस्टचं काम करणारी तिची मैत्रीण चोम्पू स्कूटर काढून थेट मुकुट आणायला गेली.

नाच रंगात आला असतानाच विभागप्रमुख आचान विसुत बैठकीतून परतले. आचान म्हणजे गुरुजी. या गुरुजींचा एकच मंत्र होता: तुलनेला काय ठेवलंस? औषध घातलेली प्लेट दाखवली, की न घातलेली कुठेय ते विचारायचे. कॅन्टीनमध्येही नूडल्सचे दोन वाडगे घ्यायचे, एक मासळीच्या सॉसचा, एक बिनसॉसचा. नवस-सायासांना ते अंगठेबहाद्दरांचं विज्ञान म्हणत.

"पुरे," ते म्हणाले. "आधी प्लेट दाखव."

मुकुटासकट फिन्या आत पळाली. मुकुटाचं टोक टेबलावरच्या दिव्याला थडकलं. आचाननी भिंग लावलं, प्लेट फिरवली, पुन्हा फिरवली.

"कडं खरं आहे. पण तुझं नाही."

कड्याच्या बरोबर मध्ये एक पिवळा ठिपका होता. फिन्याने आंबवणातून काढून प्लेटवर ठेवलेला पांढरा जंतू त्याच्या बाजूला ढिम्म बसला होता; त्याने काडीचंही काम केलं नव्हतं. पिवळा जंतू बाहेरून पडला होता. कुणीतरी झाकण उघडलं होतं. प्रयोग नासला.

फिन्या स्टुलावर बसली. मुकुट एका कानावर कलला. तो काढायचंही तिला सुचेना. सगळ्या विभागासमोर ती एका उपऱ्या जंतूसाठी नाचली होती. बाहेर ट्रे अजून वाजत होते, आणि त्या आवाजाने तिला रडू येत होतं.

दारात चोम्पू उभी होती. तिचा चेहरा पाहूनच आचाननी ओळखलं. मग तिने सांगून टाकलं. फिन्याचे हाल तिला बघवेनात, म्हणून गावच्या मठातल्या रांजणाचं मंतरलेलं पाणी तिने आणलं होतं, आणि कमळाच्या कळीने प्लेटवर शिंपडलं होतं.

"झाकण काढून?"

"झाकणातून आशीर्वाद आत कसा जाणार, आचान?"

आचान चिडले. इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, असं म्हणाले. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीने हे करावं, याची त्यांना लाज वाटत होती. शेवटी दमून त्यांनी विचारलं, "सगळ्या प्लेट्सवर शिंपडलंस?"

आता चोम्पूच्या चेहऱ्यावर राग दिसला. असला प्रश्न तिला कुणी विचारावा याचाच राग.

"अर्ध्यांवरच. बाकीच्यांचीही झाकणं तेवढाच वेळ उघडली, पण त्यांवर उकळून गार केलेलं साधं पाणी शिंपडलं. तुलनेला काहीतरी नको का?"

आचाननी सगळ्या प्लेट्स बाहेर काढल्या. आशीर्वादाच्या प्लेट्सच्या तळाशी चोम्पूने पेनाने छोटं कमळ काढलं होतं. कमळ असलेल्या प्रत्येक प्लेटवर पिवळा ठिपका होता आणि त्याभोवती स्वच्छ कडं. साध्या पाण्याच्या एकाही प्लेटवर काही नव्हतं. कोळंबीच्या जंतूचा काळ मठातल्या रांजणात बसला होता.

आधी आचान हसले. मग फिन्या हसता हसता रडली, आणि मुकुट एकदाचा खाली पडला. चोम्पूने तिथल्या तिथे मठात फोन लावला, रांजण शेवटचा कधी धुतला होता ते विचारलं. आशीर्वाद कुणी धुतं का, असं पलीकडून उत्तर आलं.

एकदा आलेलं उत्तर उत्तर नसतं, असं म्हणून आचाननी तोच प्रयोग तीनदा करायला लावला. तिन्ही वेळा कडं आलं. महिना संपायच्या आत त्यांनी फिन्याच्या शिष्यवृत्ती वाढवण्याच्या कागदांवर सही केली आणि विषय बदलून दिला: रांजणातला जंतू.

सहीची शाई वाळते न वाळते तोच चोम्पू मुकुट घेऊन हजर झाली. नवस तिनेही बोलला होता: फिन्याला कडं मिळू दे, आचान नाचतील. दुसऱ्याच्या पायांवर नवस बोलणं हा तिकडचा जुना चावटपणा, पण देव तोही धरून बसतो. बाहेर ट्रे वाजायला लागले होते.

आचाननी मुकुटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नवस बोलला नसतास, तरी कडं आलंच असतं."

"असेल, आचान," चोम्पू म्हणाली. "पण तुलनेला काय ठेवलंय?"