ओट्यावरचं यंत्र

गेलेली लाइन परत आली तसा ओट्यावरच्या यंत्राचा लाल दिवा लागला, आणि अवधूतकाका दचकले.

"हे काय आणून ठेवलं तू?" त्यांनी अनघाला विचारलं. "कालच दादाची तेरवी झाली. वर्षभर घरात नवी वस्तू आणत नाहीत, तुले माहीत नाही काय?"

"नवी कुठे आहे? जुनीच आहे," अनघा म्हणाली. "कॉफीचं यंत्र आहे. शेजारच्या सादनं शारजाहून येताना आणलं होतं."

"पुण्यात राहून हेच शिकली काय?"

यंत्र अनघानं आणलं नव्हतं. सकाळी साद ते पोत्यात गुंडाळून घेऊन आला, ओट्यावर ठेवून गेला. कोणी मागवलं, हे अनघाला विचारायची गरज वाटली नाही. बाबांनीच जायच्या आधी सांगून ठेवलं असणार. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी जन्मभर प्रतवारी केली. चिमटीत धागा ओढून लांबी सांगायचे. आर्णीचं केंद्र बंद झाल्यापासून ते ओसरीत बसून असायचे आणि फोनवर तिला भलतंसलतं विचारायचे. एकदा म्हणाले, तुमच्याकडे म्हणे कॉफी यंत्रातून येते?

यंत्राला एका बाजूनं पोचा होता. बटणांवरची अक्षरं कुणाच्या तरी बोटांनी पुसली गेली होती. तिनं पाणी ओतलं, दांड्याच्या चाळणीत पूड भरली, बटण दाबलं. आधी घरघर झाली. मग वाफेचा फूत्कार, आणि कपात थोडं काळपट पाणी. कडूजहर. काका बघत होते, म्हणून तिनं तोंड वाकडं न करता शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं.

"बाबांनी घेतलंय हे. माझ्यासाठी," ती म्हणाली. "इथून हलणार नाही."

"नको हलवू. घराला तर कुलूपच लागून राह्यलं. जेवणं झाली की वहिनीले घेऊन निघतो मी."

अनघाच्या आईनं, शीलानं, अकोल्याला दिराकडे राहायचं, हे अस्थी विसर्जन करून आल्यावर बैठकीत ठरलं होतं. एकटी बाई एवढ्या घरात काय करेल, असं सगळेच म्हणाले. अनघानंही मान हलवली होती. शीला तेव्हा आत होती. तिला कोणी हाक मारली नाही.

आत्ता ती दाराजवळच्या स्टुलावरून उठली. ओट्याशी आली. दांडा एका झटक्यात सोडवला, चोथा ठोकून काढला, पूड भरली आणि अंगठ्यानं दाबून बसवली. दांडा परत अडकवला. अनघा त्या हातांकडे बघत राहिली. हे हात पहिल्यांदा हे करत नव्हते.

या वेळी धार बारीक पडली, मधासारखी.

"आई, तुला कसं येतं?"

"सादच्या घरी, फरहानाकडे दुपारी हीच पीत होते मी. हे ओसरीत झोपले की मागच्या दारानं जायची." शीलानं कप उचलला. "त्यांनी नाही घेतलं हे, अनू. त्यांना तर वाससुद्धा चालत नव्हता. मी घेतलं."

अनघानं हातातला रिकामा कप हळूच खाली ठेवला.

"तुम्ही?" काका म्हणाले. "कधी?"

"तुम्ही बैठकीत बोलून राह्यले होते ना, त्याच संध्याकाळी. मागच्या भिंतीवरून फरहानाला सांगितलं."

काकांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. खालून हात घालून उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"वहिनी, थोडा विचार तर करायचा. आमच्या अकोल्याच्या ओट्यावर हे धूड मावणार आहे काय?"

शीलानं एक घोट घेतला.

"म्हणूनच घेतलं, भाऊजी."