बाहेरचा खडक

"काका, बाहेरच्या खडकावर कधी नेणार?" मालवणात डायव्हिंग शिकायला आलेली मृदुला रोज विचारायची. तिला शिकवणारे तांडेलकाका नुसते हसायचे. तिथली पाण्याची ओढ भल्याभल्यांना वाहवत नेते, हे त्यांना ठाऊक होतं.

आज किनाऱ्याजवळच, पण तळाशी, त्यांनी मुद्दाम पुढे बोट दाखवलं. तिकडे माशांची जत्रा भरली होती. मृदुला सरसावली, पण मध्येच थबकली. टाकीतल्या हवेचा काटा निम्म्यावर, परतायच्या खुणेवर, आला होता. तिने मान हलवून अंगठा वर केला, म्हणजे आता वर चला.

होडीत ती हिरमुसून बसली. "घाबरले मी. आता कशाला न्याल?"

काकांनी तिला थर्मासमधला चहा ओतून दिला. "माझ्या बोटामागे सगळीच येतत, बाय. तू काटो बघलंस, नाय इलंस. उद्या भायल्या खडकार जाऊया."