आजोबांची फुली

"आजोबा, फुली नाही! बाण, बाण!"

पण तोवर आजोबांनी फुली दाबली होती आणि कासवाचं अख्खं पान गडप झालं होतं.

मुंगीने कपाळाला हात लावला. घरात तिला सगळे मुंगीच म्हणत. वय आठ, इयत्ता तिसरी, आणि गेले तीन आठवडे आजोबांची इंटरनेटची मास्तरीण.

"मागे जायचं तर डावीकडचा बाण. फुली दाबली की दुकानच बंद. किती वेळा सांगू तुम्हाला?"

"चुकलो, मास्तरीणबाई." आजोबांनी कान पकडले. "पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! आता पुन्हा पहिल्यापासून?"

पुन्हा पहिल्यापासून. वरच्या पट्टीत पत्ता, मग प्राण्यांची ती वेबसाइट, मग निळ्या अक्षरांतली नावं. निळ्या अक्षरांवर टिचकी मारली की नवं पान उघडतं, एवढं आजोबांना पाठ झालं होतं. पण नेमकं कुठल्या नावावर मारायची, तिथे गाडी अडायची. चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणे.

"यात कासव कुठलं गं? वाच बरं जरा."

मुंगी बोट ठेवून वाचायची. अडखळायची. शाळेत अडखळली की मागच्या बाकावरून खसखस ऐकू यायची. इथे आजोबा नुसते थांबायचे. पानावरचं शेवटचं वाक्य संपलं की "उपकार झाले, बाई" म्हणायचे आणि बाण सोडून फुली दाबायचे.

एक गोष्ट तिने त्यांना सांगितली नव्हती. शुक्रवारी वर्गशिक्षिका प्रत्येकाकडून एकेक पान मोठ्याने वाचून घेणार होत्या. ज्याला जमणार नाही, त्याने वाचनाच्या तासाला पहिलीच्या पोरांत जाऊन बसायचं. हे फक्त आईला ठाऊक होतं, आणि आईला तिने शपथ घातली होती.

वेबसाइट मात्र झकास होती. सोमवारी मुंगीने सहज विचारलं, "आजोबा, ऑक्टोपस झोपतो का हो?" मंगळवारी ऑक्टोपसवर नवं पान हजर. वाक्यं कासवापेक्षा लांब, जोडाक्षरं पण जास्त.

"बघा, मी म्हटलं आणि आलं!"

"भिंतीला कान असतात. इंटरनेटलाही असतील," आजोबा म्हणाले आणि त्यांनी फुली दाबली.

शुक्रवारी मुंगी फळ्यासमोर उभी राहिली. बाईंनी दिलेलं पान तिने कधी पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच ओळीत एक लांबलचक जोडाक्षर होतं. मग तिने मनात धरलं, समोर आजोबा बसलेत आणि त्यांना काही म्हणजे काही दिसत नाहीये. एकदा अडली, दोनदा अडली, पण शेवटच्या पूर्णविरामापर्यंत पोहोचली.

बाईंनी वहीत खूण केली. "बस जागेवर," त्या म्हणाल्या. "तुझ्याच जागेवर."

घरी ती धावतच आली. आजोबा खुर्चीत घोरत होते. त्यांना उठवायच्या आधी तिला एक काम करायचं होतं. ज्या कुणी ही वेबसाइट केली, त्यांचे आभार मानायचे होते. त्यांची पानं नसती, तर आज तिची धडगत नव्हती.

तिने पत्ता टाकला. पान खाली सरकवत नेलं, अगदी तळापर्यंत. इतक्या खाली ती दोघं कधी गेलीच नव्हती. तिथे बारीक निळी अक्षरं होती : 'आमच्याविषयी'.

मुंगीने टिचकी मारली. नव्या पानावर चित्र नव्हतं, फक्त दोन ओळी होत्या. तिने त्या बोट न ठेवता वाचल्या.

'ही वेबसाइट एकाच वाचकासाठी बनवली आहे. ती तिसरीत आहे, आणि रोज संध्याकाळी मला इंटरनेट शिकवते.'